‘सराईत’ : अमली पदार्थांच्या खटल्यांतील पूर्ववृत्ताचा पुरावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एखादा इसम गांजा विकताना पकडला गेला आणि त्याच्यावर पूर्वीचा गुन्हा नोंदलेला असला, की त्याच्या नावामागे एक विशेषण सहसा येते : सराईत. मुळात हा शब्द सरावलेला, तरबेज एवढ्याच अर्थाचा. सराईत हात म्हणजे कुशल हात. गुन्हेगाराला तो लागला आणि त्यात एक अनुमान शिरले, की ज्याने पूर्वी केले त्यानेच आताही केले असावे. पुण्याच्या न्यायालयात झालेल्या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील होते तेव्हा या अनुमानाचाच प्रश्न उभा राहू शकतो.

ते अनुमान कायद्याला नेहमीच त्याज्य वाटत होते असे नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील 54 व्या कलमाचा मूळ पाठ पाहिला तर आरोपीला पूर्वी झालेली शिक्षा संबद्ध, परंतु त्याचे वाईट शील असंबद्ध, असा विलक्षण भेद तेथे आढळतो. शिक्षा सांगावयाची आणि शील सांगावयाचे नाही, ही कसरत न्यायाधीशाच्या मनाने कशी करावी? 1891 च्या तिसऱ्या अधिनियमाने हे कलम बदलले. पूर्वीची शिक्षा हाही वाईट शीलाचाच पुरावा ठरला, आणि आरोपीने स्वतः आपल्या चांगल्या शीलाचा पुरावा दिल्याखेरीज वाईट शील असंबद्ध झाले. दि. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 49 व्या कलमात हाच नियम आहे.

पूर्ववृत्ताला शिक्षा ठरविताना मात्र स्थान आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे 31 वे कलम पुन्हा गुन्हा करणाऱ्यास वाढीव शिक्षा सांगते. येथे क्रमाला महत्त्व आहे. 1973 च्या फौजदारी संहितेच्या 236 व्या कलमानुसार, चालू गुन्हा सिद्ध होईपर्यंत पूर्वीच्या शिक्षेचा आरोप वाचून दाखविता येत नसे. पुढे 1989 मध्ये घातलेल्या 31-अ कलमाने काही पुनरावृत्त गुन्ह्यांना मृत्युदंड अनिवार्य केला. म्हणजे पूर्ववृत्तावर माणसाचा प्राण अवलंबू लागला. मुंबईतील चरसाच्या एका खटल्यात तशी शिक्षा झाली. दि. 16 जून 2011 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अनिवार्यता संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरविली. कलम रद्द न करता मृत्युदंड ऐच्छिक मानला. 2014 च्या दुरुस्तीने कायद्याच्या शब्दांतही तसा पर्याय आला.

तथापि मुख्य दार लावले तरी खिडकी उघडी राहते. ‘अमुक सराईत इसम माल विकावयास येणार अशी बातमी मिळाली’ असे छापा घालणारा अधिकारी साक्षीत सांगतो. बातमी लिहून ठेवणे 42 व्या कलमाने त्याला भागच आहे. हे वाक्य छापा का घातला याचा खुलासा म्हणून येते, शीलाचा पुरावा म्हणून नव्हे. पण शब्द कानांवर पडावयाचा तो पडतोच. त्यातच या कायद्याचे 54 वे कलम (आकड्याचा हा योगायोग मोठा बोलका आहे) ताब्यातील मालावरून आरोपीविरुद्ध गृहीतक बांधते.

अपीलकर्त्याची खरी अडचण याच्याही पुढची आहे. जुन्या कायद्याच्या 167 व्या, आणि आता 169 व्या, कलमाप्रमाणे अग्राह्य पुरावा घेतला गेला एवढ्यावर निकाल फिरत नाही. तो वगळून उरलेला पुरावा पुरेसा असला तर शिक्षा कायम राहते. म्हणून अपिलात ‘सराईत’ शब्दावरचा आक्षेप एकटा उभा राहू शकत नाही. पंचांची जबानी, नमुन्यावरील मोहर, रासायनिक पृथक्करणासाठी माल पाठविण्यास लागलेले दिवस यांतले काय त्या शब्दाच्या आधारावाचून टिकते, हे अपीलकर्त्याला एकेक करून तपासून दाखवावे लागते.