दृष्टांत : स्वप्नातला आणि वादातला

बारा मावळांपैकी एक म्हणजे मुठे खोरे. आजच्या मुळशी तालुक्यातले मुठा हे गाव याच खोऱ्यात येते. या भागात, आणि एकूण महाराष्ट्रातच, ग्रामदैवताची कथा अनेकदा एका ठरावीक वाक्याने सुरू होते : 'देवानं दृष्टांत दिला.' कुणा गुराख्याच्या किंवा पाटलाच्या स्वप्नात देव येतो, आपण अमुक झुडपाखाली आहोत असे सांगतो, आणि सकाळी तिथे तांदळा सापडतो.

हाच शब्द मराठीत आणखी एका अर्थाने रूढ आहे. एखादे विधान पटवून देण्यासाठी दिलेले उदाहरण, तोही दृष्टांतच. पहिल्या अर्थाचा दृष्टांत प्रमाण मागू देत नाही. दुसरा प्रमाणाच्याच कामी येतो. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदतात हा केवळ भाषिक योगायोग मानावा काय? ईश्वराकडून थेट मिळालेले ज्ञान हे ज्ञान मानायचे का, आणि मानायचे तर कोणाचे, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला एक मोठा वाद आहे. तो या शब्दाच्या आधाराने वाचता येतो, असे मला वाटते.

शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले होते. धर्म प्रत्यक्षाने कळत नाही, अनुमानानेही कळत नाही. त्याला शब्द हेच प्रमाण, आणि तो शब्द म्हणजे वेद. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ताच नाही, ईश्वरही नाही. नैयायिक मात्र त्याला ईश्वराची रचना मानतात. हा मतभेद तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोठा असला, तरी व्यवहारात दोघांचा निष्कर्ष एकच होता : शूद्राला आणि स्त्रीला वेदाध्ययनाचा अधिकार नाही. म्हणजे ज्ञानाचे उगमस्थान ठरवतानाच त्याचे पाणी कोणी भरावे हेही ठरून गेले होते.

या बंदोबस्ताला मराठीत पहिला मोठा पर्याय महानुभावांनी उभा केला. चक्रधरस्वामी त्यांच्या लेखी प्रत्यक्ष परमेश्वर. म्हणून स्वामींची वचने हीच त्यांची श्रुती. ती केसोबासांनी 'सूत्रपाठा'त संकलित केली, आणि स्वामींनी सांगितलेल्या उदाहरणांचा 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक अशी रचना आहे. ईश्वराचे वचन मराठीत आहे आणि ते उदाहरण देऊन समजावले जाते, ही तेराव्या शतकातली गोष्ट लहान नाही. इथे दृष्टांताचे दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

वारकरी परंपरेत हा प्रश्न अधिक धारदार होतो, आणि त्याचे केंद्र देहू आहे. तुकोबांना गुरूपदेश मिळाला तो स्वप्नात. स्नानाला जाताना वाटेत बाबाजी चैतन्य भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असे ते स्वतःच सांगतात. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपल्याला त्याचा विसर पडला, हा तपशीलही ते नोंदवतात. साक्षात्काराच्या क्षणी तुपाची आठवण ठेवणाऱ्या या वाण्याला खोटे ठरवणे अवघड आहे. दुसऱ्या स्वप्नात पांडुरंगाला घेऊन नामदेव आले आणि त्यांनी कवित्वाचे काम नेमून दिले. या दोन्ही स्वप्नांतून त्यांना काय मिळाले ते पाहावे. विश्वाचे गूढ उकलले असा दावा तुकोबा करीत नाहीत. त्यांना मिळाला तो अधिकार आणि काम.

रामेश्वरभट्टांचा आक्षेप म्हणूनच नेमक्या जागी होता. शूद्राच्या मुखातून वेदार्थ यावा, हा त्यांच्या लेखी अनधिकार होता. वह्या इंद्रायणीत बुडाल्या. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी धरणे धरून बसले, आणि वह्या तरल्या. ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण तिची घडण कसोटीच्या प्रसंगाची आहे : स्वप्नातला आदेश खरा की खोटा, हे सर्वांसमोर ठरायला हवे होते.

बहिणाबाईंची साक्ष याहून महत्त्वाची आहे. देवगावची ही ब्राह्मण स्त्री. तिला वेदही बंद आणि मंत्रही बंद. तुकोबांना पाहण्याआधीच, कोल्हापुरात असताना, तिला स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला. ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू करावे, म्हणून पतीचा कोप झाला. तो आणि पुढचा देहूचा प्रवास तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत मांडला आहे. विशेष म्हणजे याच बाईने 'वज्रसूची'वर अभंग रचून ब्राह्मण कोणास म्हणावे याची तर्कशुद्ध चर्चा केली. ज्या हाताने स्वप्न लिहिले, त्याच हाताने युक्तिवादही लिहिला. दार बंद असलेल्यांना स्वप्न ही आत येण्याची वाट होती. आत आल्यावर त्यांनी बुद्धी बाहेर ठेवली नाही.

देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. मुठेचे पाणी पुण्यात मुळेला मिळून पुढे त्याच भीमेत जाते. हा वादही एकोणिसाव्या शतकात देहूच्या काठावरून मुठेच्या काठावर आला. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ साक्षात ईश्वरप्रणीत नाही असे तत्त्व स्वीकारले, आणि उपासनेसाठी तुकोबांचे अभंग जवळ केले. १८७५ साली दयानंद सरस्वती पुण्यात आले. वेद ईश्वरप्रणीत आणि निर्दोष, परंतु तो वाचण्याचा अधिकार सर्वांना, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या मिरवणुकीच्या पाठीशी रानडे आणि जोतीराव फुले दोघेही उभे राहिले. वेदप्रामाण्य दोघांनाही मान्य नव्हते; पण अधिकाराचा प्रश्न तिघांनाही जिव्हाळ्याचा होता.

त्या प्रश्नाचे सर्वांत निःसंदिग्ध उत्तर फुल्यांनी दिले. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेला 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवांनी केलेल्या कोणत्याही धर्मपुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत सारखे सत्य नाही, असे ते म्हणतात. त्यांचा युक्तिवाद साधा आहे : निर्मिकाने सर्वांच्या उद्धारासाठी वेद केला असता, तर तो काहींना वाचू न देण्याची सोय राहिली नसती. प्रकटीकरण खोटे ठरते ते त्यावरच्या पहाऱ्यामुळे. पुढे त्याच ग्रंथात एक घर येते. बाई बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या महंमदी, पुत्र सत्यधर्मी. आणि सारे प्रेमाने एकत्र राहतात.

म्हणून तुकोबा साक्षात्कारी आणि फुले बुद्धिवादी, अशी वर्गातल्या फळ्यावर मारली जाणारी रेघ मला पुरेशी वाटत नाही. एकाने ईश्वराचा आदेश सांगितला, दुसऱ्याने ईश्वरप्रणीत ग्रंथ नाकारला. परंतु दोघांचा झगडा एकाच पहारेकऱ्याशी होता. 'हे स्वप्न खरेच पडले का?' असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि विचारायलाच हवा. त्याचे उत्तर इतिहासाच्या साधनांनी देता येणार नाही. इतिहासाला दुसरे काही विचारता येते : त्या स्वप्नाने दार कोणासाठी उघडले, आणि कोणासाठी लावून घेतले? ज्या दृष्टांताला हा प्रश्न सोसतो, तोच वादातही दृष्टांत म्हणून उभा राहतो.