आधार हलला की स्वर उतरतो?

ताणलेल्या तारेच्या आडव्या कंपनांविषयी एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी हटकत नाही. ते असे: तारेची दोन्ही टोके स्थिर असतात. प्रत्यक्षात घोडी जराशी हलते, पण त्यामुळे तार किंचित लांबल्यासारखी वागते आणि स्वर थोडा उतरतो, एवढेच. घोडी जड असेल तर तो उतरण्याचीच शक्यता, कारण वस्तुमान वाढले की वारंवारता घटते.

हे मत अडाणीपणाचे नाही. आधार स्प्रिंगसारखा लवचीक असेल, तर स्वर खरोखरच उतरतो. तारेच्या ताणाला आधाराची ताठरता आणि तारेची लांबी यांच्या गुणाकाराने भागले की ती घट मूळ वारंवारतेच्या कितवा भाग आहे, ते मिळते. या मताची दुसरी भिस्त भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यावर. वस्तुमान वाढवल्याने व्यवस्थेची कोणतीही नैसर्गिक वारंवारता वाढत नाही, हा त्यांचा सिद्धांत निर्विवाद आहे. म्हणजे दोन्ही विधाने खरी आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

घोडीलगतचा तारेचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. तार वर गेली की तिचा तिरपा ताण घोडीला वर ओढतो. घोडी स्प्रिंगसारखी असेल तर ओढीच्या दिशेने, म्हणजे वर जाते. तारेचा आकार घोडीच्या पलीकडे शून्यावर यायला निघतो. तार लांबल्यासारखी होते, स्वर उतरतो. इथवर प्रतिपक्षाशी वाद नाही.

आता घोडीमागे स्प्रिंग नाही, केवळ वस्तुमान आहे असे समजा. ओढ अजूनही वरच आहे, म्हणून त्वरणही वर. पण नियमित कंपनात त्वरण आणि विस्थापन नेहमी परस्परविरुद्ध दिशेला असतात. म्हणजे तार वर असते तेव्हा घोडी खाली असते. मग निस्पंद बिंदू कुठे पडेल? घोडीच्या अलीकडे, खुद्द तारेवर. कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो.

हा कागदी खेळ वाटत असेल तर गवंड्याचा ओळंबा पाहा. दोरी वर बांधलेली, खाली लोंबता गोळा. गोळ्याला आडवे धरून ठेवणारे काहीच नाही. दोरीच्या खालच्या टोकाला बंधन आहे ते निव्वळ जडत्वाचे. गोळा दोरीच्या दहापट वजनाचा घ्या. ताण न बदलता तो शिकंज्यात आवळला तर दोरीची जी मूळ वारंवारता मिळेल, तिच्यापेक्षा गोळा मोकळा असताना दोरीची वारंवारता सुमारे १ टक्का जास्त असते. दुसऱ्या उपस्वरात ही वाढ पाव टक्क्यावर येते, तिसऱ्यात ०.११ टक्क्यावर. बंधन सैल केले आणि स्वर चढला! 'आधार हलला की स्वर उतरतो' हे म्हणणे इथेच संपते.

मग रॅले यांचा सिद्धांत खोटा ठरला का? मुळीच नाही. गोळ्याचे वजन शून्यापासून वाढवत न्या, पण ताण तोच ठेवा. टोक मोकळे असताना दोरीची दुसरी वारंवारता पक्क्या टोकांच्या मूळ वारंवारतेच्या दीडपट असते. वजन वाढते तशी ती उतरत जाते आणि अनंत वजनाला त्या मूळ वारंवारतेवर टेकते. ती उतरते ती वरूनच. तिच्या खाली कधीच जात नाही. आणि पहिली वारंवारता? ती ओळंब्याच्या संथ झोक्याची होऊन बसते. प्रतिपक्षाने सिद्धांत बरोबर वाचला, पण तुलना कशाशी करायची ते तपासले नाही.

खऱ्या वाद्यात ताठरता आणि जडत्व दोन्ही असतात. आधाराच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेखाली ताठरतेचा अंमल चालतो, वर जडत्वाचा. म्हणून एकाच तारेचा खालचा उपस्वर किंचित उतरलेला आणि वरचा किंचित चढलेला असू शकतो. 'परिणामी लांबी' नावाची एकच दुरुस्ती मग कोणत्या उपस्वराला लावायची?

'पण हे सारे नगण्य आहे,' हा शेवटचा बचाव. त्यात तथ्य आहे, ते मान्य करू. तंबोऱ्याची ०.३ मिलिमीटर जाडीची, ९० सेंटिमीटर लांबीची पोलादी तार जेमतेम अर्ध्या ग्रॅमची भरते. घोडी ५० ग्रॅमची आणि तबलीपासून सुटी मानली, तर मूळ स्वर हजारात एक भाग चढेल; १४० हर्ट्‌झच्या षड्जात ०.१४ हर्ट्‌झ. पण मिरजेच्या कोणत्याही तंबोऱ्याची घोडी हवेत तरंगत नाही. ती तबलीवर बसते, आणि तबलीला स्वतःच्या अनेक वारंवारता असतात. त्यांपैकी एखादीजवळ ताठरता आणि जडत्व एकमेकांना खोडतात. बंधन उरते ते नावापुरते.

तिथे काय घडते हे चेलोवादक जाणतात. तारेचा स्वर पेटीच्या ठळक अनुस्पंदनाजवळ आला की तो थरथरतो, घोगरा होतो, गजाला दाद देत नाही. या 'वुल्फ नोट'चा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात केला आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. वादक त्यावर उपाय काय करतात? घोडीमागच्या तारेवर लहानसे पितळी वजन बसवतात. ज्या जडत्वाला नगण्य म्हटले, तेच औषध म्हणून वापरले जाते. व्हायोलिनची घोडी तर सुमारे २ ग्रॅमची. तिच्यावर दीड ग्रॅमचे म्यूट चढवले की स्वर तोच राहतो, पण वरचे उपस्वर मंदावतात आणि वाद्याचा आवाज पालटतो. हे कशाने झाले? जागच्या जागी राहिलेल्या टोकाने?

टोक खरोखर पूर्ण स्थिर असते तर तारेची ऊर्जा तबलीत उतरलीच नसती. तंबोरा जवळजवळ मुका राहिला असता. घोडीचे हलणे हा सूत्रातला दोष नाही. ते वाद्याचे काम आहे.

वाचकहो, दोन्ही बाजू तुमच्यापुढे आहेत. स्थिर टोकांचे सूत्र जरूर शिकवावे. पहिली पायरी म्हणून ते उत्तम आहे. पण नळीतल्या हवेच्या कंपनांना टोकाची दुरुस्ती बारावीतच शिकवली जाते. तारेलाही ती मिळावी, आणि तिच्यापुढे अधिक व उणे ही दोन्ही चिन्हे छापावीत.