दहा प्रश्न, पण विचारायचे कोणाला?

मुलांचे डोळे तपासायचे असतील तर अक्षरांचा तक्ता भिंतीला टांगून शिक्षकही सुरुवात करू शकतात. ज्यांना खालच्या ओळी वाचता येत नाहीत, तेवढ्यांनाच डॉक्टरकडे पाठवायचे. मनाच्या बाबतीत अशी एखादी चाळणी करता येईल का? गरीब देशांत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही मोठ्या शहरांत. त्यामुळे हा प्रश्न तिथे फार निकडीचा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली तो हाती घेतला. या बहुराष्ट्रीय प्रकल्पाचे भारतातील केंद्र होते हरियाणातील रायपूर राणी, आणि सूत्रे होती चंडीगडचे डॉ. नरेंद्र विग यांच्याकडे. पुढे भारत, सुदान, फिलिपाइन्स व कोलंबिया या चार देशांत खास मुलांची पाहणी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली ५ ते १५ वर्षांची ९२५ मुले तिच्यात होती. मुलासोबत आलेल्या माणसाला, म्हणजे बहुधा आईला, दहा प्रश्न विचारले जात. झोप नीट लागते का? विनाकारण घाबरतो का? वारंवार डोके दुखते का? घरातून पळून जातो का? इतर मुलांत जवळजवळ खेळतच नाही, असे आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. ही पहिली पायरी. तपशीलवार तपासणी ही दुसरी. तज्ज्ञाचा मोलाचा वेळ त्यामुळे वाचे.

१९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशागणिक १२ ते २९ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. पण मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. विचारले की आया सहज सांगत होत्या. केंद्रातील आरोग्यसेवकांनी मात्र आपणहून ओळखलेली मुले होती अवघी १० ते २० टक्के. म्हणजे दहांतली आठ-नऊ मुले औषधाची पुडी घेऊन तशीच घरी जात होती. आईला ठाऊक होते, पण तिला कोणी विचारलेच नव्हते!

सहा वर्षांच्या मुलासाठी आईची साक्ष पुष्कळदा पुरते. पंधरा वर्षांच्या मुलीचे काय? याचे उत्तर त्याआधीच, आणि तेही एका श्रीमंत देशात, मिळू लागले होते. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या वाइट बेटावर मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये १०-११ वर्षांच्या मुलांविषयी पालक व शिक्षक या दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. दोघांनी निवडलेली मुले बरीचशी वेगवेगळी निघाली. दोन्ही याद्यांत असलेली थोडीच. हीच मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर रटर यांनी त्यांच्याशीच बोलून पाहिले. खूप उदास वाटते, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटते, हे अनेकांनी सांगितले. त्यांच्या आईवडिलांना किंवा शिक्षकांना याची पुष्कळदा गंधवार्ताही नव्हती. वर्गात गोंधळ घालणारा मुलगा आपल्या लगेच नजरेत भरतो. गप्प बसणारी मुलगी 'शहाणी' ठरते.

रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या २५ विधानांच्या प्रश्नावलीत पालक व शिक्षक यांच्याबरोबरच ११ ते १६ वर्षांच्या मुलांनी स्वतः भरायचा नमुनाही आहे. अशा प्रश्नावल्या आज अनेक देशांतील शाळांत वापरल्या जातात.

मात्र वापरण्यापूर्वी थोडे गणित करावे. समजा, शाळेत १०० मुले आहेत आणि त्यांतली १० खरोखर अडचणीत आहेत. चाळणी बऱ्यापैकी चांगली आहे: दहांतली ८ ती पकडते आणि उरलेल्या ९० पैकी ७२ जणांना योग्यच सोडून देते. तरी १८ जणांवर उगाच बोट ठेवले जाते. हाती आलेल्या २६ नावांत खरी ८. ही यादी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली, तर त्या १८ जणांचे काय होईल हे आपल्याला सांगायला नको. आणि सुटलेली दोघे तर यादीत नसतातच.