तबकडीवर मत देणारे

रॉक संगीताचा नवा अल्बम आला की पाठोपाठ त्याचं परीक्षणही येतं. कुणी पाचपैकी तारे देतं, कुणी दहापैकी गुण, आणि वाचणारे त्यावर हमरीतुमरीला येतात. हे इतकं अंगवळणी पडलंय, की परीक्षण रॉकबरोबरच जन्मलं असावं असं वाटतं. पण एल्व्हिस प्रेस्लीचा पहिला अल्बम आला 1956 साली, आणि रॉकच्या अल्बमवर मन लावून लिहिण्याची रीत पडली त्यानंतर दहा वर्षांनी. मधल्या काळात या तबकड्यांवर लिहिलं जात होतं, पण ते व्यापाऱ्यांसाठी.

अमेरिकेतली ‘बिलबोर्ड’ आणि ‘कॅश बॉक्स’ ही धंद्याची साप्ताहिकं. वाचणारे रेकॉर्डचे दुकानदार, रेडिओवाले आणि हॉटेलांत ज्यूकबॉक्स बसवणारे. नव्या तबकडीबद्दल त्यांना एकच गोष्ट हवी असायची: माल उठेल का? ‘बिलबोर्ड’ तर एके काळी तबकड्यांना शंभरपैकी गुण द्यायचं. आजच्या ताऱ्यांचं आणि गुणांचं मूळ माझ्या मते इथे, गल्ल्याशी आहे. ऐकणाऱ्यासाठी लिहिण्याची परंपराही होती, पण ती दुसऱ्या आळीतली. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी 1923 साली ब्रिटनमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं. त्यात बाख आणि बेथोवेनच्या तबकड्यांची बारकाईने चिकित्सा व्हायची. रॉक ऐकणाऱ्या पोरापोरींच्या वाट्याला मात्र गायकाचे गुळगुळीत फोटो आणि त्याचा आवडता रंग कोणता, एवढंच.

मुळात परीक्षण करावं असा अल्बमच तोवर फारसा नव्हता. खप असायचा दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीचा. मोठ्या तबकडीत गाजलेली दोन-तीन गाणी घ्यायची आणि उरलेली जागा भरतीच्या गाण्यांनी भरायची. 1965 साली हे बदललं. त्या ऑगस्टमध्ये बॉब डिलनचा ‘हायवे 61 रीव्हिजिटेड’ आला, डिसेंबरमध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’. हे अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचे होते. त्यांच्याबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

बोलला तो सतरा वर्षांचा पॉल विल्यम्स. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. विज्ञानकथांच्या चाहत्यांची घरगुती मासिकं तिकडे निघायची. चौदाव्या वर्षी त्यानेही तसं एक काढलं होतं. तीच रीत त्याने फेब्रुवारी 1966 मध्ये रॉकला लावली. मेणकागदावर टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण फाटतं. तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि एकेक प्रत काढायची. आपल्याकडे कॉलेजच्या नोट्सपासून युनियनच्या पत्रकांपर्यंत सगळं ज्यावर निघायचं, तेच हे सायक्लोस्टाइल. दहा पानं, पाचशे प्रती, नाव ‘क्रॉडॅडी’. रोलिंग स्टोन्स सुरुवातीला लंडनजवळच्या ज्या क्लबात वाजवायचे, त्याचं हे नाव. फोटो नाहीत, गप्पाटप्पा नाहीत, नुसती नव्या तबकड्यांवरची मतं. पहिल्याच अंकात सायमन आणि गारफंकलच्या अल्बमवर लिहिलं होतं. ते वाचून पॉल सायमनने त्याला वसतिगृहावर फोन केला.

त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइनने पॉप संगीतावर सदर सुरू केलं. पण या कुळात त्याचं नाव निघतं ते 18 जून 1967च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मधल्या लेखामुळे. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ नुकताच आला होता. मलपृष्ठावर गाण्यांचे शब्द छापले होते, म्हणजे काव्यासारखं वाचा, हा आग्रह आवरणावरच होता. सगळं जग त्या अल्बमने भारावलेलं असताना बावीस वर्षांच्या गोल्डस्टाइनने लिहिलं, की तांत्रिक करामतींच्या थराखाली गाणी गुदमरली आहेत. शेवटचं ‘अ डे इन द लाइफ’ तेवढं त्याने मनापासून वाखाणलं. वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे अनेक वर्षांनी त्याने सांगितलं, की तेव्हा त्याच्या स्टीरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता.

हा किस्सा टीकाकारांची फजिती म्हणून सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं. निकाल चुकला असेल, पण त्या लेखात बीटल्सवर जीव असलेला एक माणूस, गर्दी काय म्हणते याची पर्वा न करता, स्वतःच्या कानांना काय जाणवलं ते मांडतो आहे. व्यापारी साप्ताहिकाला हे जमणारच नव्हतं. ‘सार्जंट पेपर’ नंतर खूप खपला, पण गोल्डस्टाइनचा सवाल खपाचा नव्हताच. शिवाय ध्वनीची करामत मोठी की गाणं, हा त्याने काढलेला वाद अजून मिटलेला नाही.

नोव्हेंबर 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि जॅझ-समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी ‘रोलिंग स्टोन’ सुरू केलं. पहिल्या अंकाच्या 40,000 प्रती छापल्या, त्यातल्या बहुतेक परत आल्या. पुढच्या वर्षी ‘न्यू यॉर्कर’ने एलन विलिसला रॉकवर लिहायला घेतलं. या पिढीत इतकं स्वच्छ गद्य क्वचितच कुणी लिहिलं असेल.

‘रोलिंग स्टोन’ने वाचकांकडून परीक्षणं मागवली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका गावात बूट विकणाऱ्या लेस्टर बँग्जने लिखाण पाठवायला सुरुवात केली. त्याचं पहिलं छापून आलेलं परीक्षण एप्रिल 1969 मधलं, डेट्रॉइटच्या एमसी5 या बँडच्या पहिल्या अल्बमचं. त्यात त्याने बँडची सालटी काढली होती. पुढे तोच त्या बँडचा कट्टर चाहता झाला, आणि ‘क्रीम’ मासिकासाठी त्यांच्याच मुलुखात राहायला गेला. मत बदललं हे त्याने लपवलं नाही. धापा टाकणारी, वाहवत जाणारी, मध्येच लख्ख होणारी त्याची वाक्यं वाचताना तबकडी कानात वाजू लागते.

मग गुणांचा आकडा परत कसा आला? 10 जुलै 1969 रोजी रॉबर्ट क्रिस्टगॉने ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ‘कन्झ्युमर गाइड’ सुरू केलं. एकेका अल्बमवर मोजकी वाक्यं आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी, ए प्लसपासून ई मायनसपर्यंत. हिप्पींच्या त्या काळात ‘ग्राहक’ हा शब्दच शिवीसारखा होता, म्हणून त्याने तो मुद्दाम घेतला. तबकडीला पैसे पडतात आणि ते देणाऱ्याला सल्ला हवा असतो, हे मान्य करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. दुकानदाराचं माप इथे गिऱ्हाइकाच्या हातात आलं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये तारे आले ते 1981 साली.

मासिकं चालायची मात्र रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवर. 1973 साली संगीतकारांचा अनादर केला म्हणून बँग्जला ‘रोलिंग स्टोन’ने काढून टाकलं. 1996 साली तिथेच जिम डीरोगॅटिसने हूटी अँड द ब्लोफिश या तुफान खपाच्या बँडच्या नव्या अल्बमवर प्रतिकूल लिहिलं. ते परीक्षण बाजूला ठेवून दुसरं, अनुकूल छापलं गेलं. त्याने बाहेर तोंड उघडलं आणि त्याची नोकरी गेली. व्यापारी साप्ताहिकाचं रक्त या कुळातून कधीच पूर्ण गेलेलं नाही.

आपल्याकडे हे लोण नेटाने आणलं ते अमित सैगलच्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने, 1993 साली आणि तेही अलाहाबादहून. देशी बँड बहुतेक परदेशी गाणी वाजवायचे, त्या काळात हे मासिक त्यांच्या स्वतःच्या गाण्यांची दखल घ्यायचं. मुंबईहून ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती निघायला 2008 उजाडलं.

अमेरिकेत तोवर सूत्रं नव्या पोरांकडे गेली होती. मिनियापोलिसजवळच्या रायन श्रायबरने नुकती शाळा संपवून ‘पिचफोर्क’ इंटरनेटवर सुरू केलं होतं. त्याने गुण दशांशापर्यंत नेले. 2000 साली रेडिओहेडच्या ‘किड ए’ला 10.0 मिळाले. 2004 साली ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ला 0.0, आणि त्या भोपळ्याने त्याच्या एकट्याने गाण्याच्या कारकिर्दीला जबर फटका दिला. एका माणसाची वर्षाची मेहनत एका आकड्याने अशी झटकून टाकणं मला पटत नाही. बँग्जने एमसी5ला झोडपलं तेव्हा निदान त्यांना उत्तर देण्याजोगी वाक्यं तरी होती. ‘पिचफोर्क’ 2015 साली कॉन्डे नास्टने विकत घेतलं आणि 2024च्या जानेवारीत पुरुषांच्या फॅशनच्या ‘जीक्यू’ मासिकाखाली आणलं, बऱ्याच जणांना घरी पाठवून.

क्रिस्टगॉचा जन्म 1942चा. 2019 पासून ‘कन्झ्युमर गाइड’ दर महिन्याला ईमेलने वर्गणीदारांकडे जाऊ लागलं. श्रेणी तशाच राहिल्या, आणि खर्च जाहिरातींऐवजी वाचकांच्या वर्गणीतून निघू लागला.