वाळवंटातली अचानक ठरलेली रोड ट्रिप : डेथ व्हॅली, झायनकडे गाडी वळवण्याआधी काय माहीत हवं?

लास वेगासच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेतली की पश्चिमेला साधारण दोन तासांवर डेथ व्हॅली, ईशान्येला अडीच तासांवर झायन आणि दक्षिणेला तीनेक तासांवर जोशुआ ट्री. रस्ते गुळगुळीत, समोर मोकळं आकाश. त्यामुळे अमेरिकेत शिकणारी किंवा नोकरी करणारी मंडळी लाँग वीकेंडला हा बेत आदल्या रात्री ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी रीलही टाकतात. आयत्या वेळी निघायला हरकत काहीच नाही. फक्त या उद्यानांमधल्या काही गोष्टी आयत्या वेळी जमतात आणि काही अजिबात जमत नाहीत.

सगळ्यात आधी उन्हाळ्याबद्दल. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक इथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. जगातल्या सर्वाधिक तापमानाची अधिकृत नोंद आजही तीच आहे, जरी त्या जुन्या नोंदीवर काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात. ही दरी इतकी का तापते? तिचा तळ, म्हणजे बॅडवॉटर बेसिन, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि दोन्ही बाजूंना उंच डोंगर आहेत. तापलेली हवा वर जाते, पण बाहेर पडू न शकल्याने खाली येऊन पुन्हा तापते. रात्रीही सुटका नसते.

विदर्भातल्या उन्हाची सवय असलेल्यालाही इथली कोरडी हवा फसवते. घाम येतो, पण अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. शरीरातून किती पाणी गेलं हे कळतच नाही. म्हणून माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी सोबत ठेवा, असं उद्यानांचं सांगणं असतं. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, सोबत खारट काहीतरी खावं लागतं, नाहीतर रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरतं. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीच्या सखल भागात सकाळी १० नंतर पायी फिरू नका, अशी स्पष्ट सूचना आहे. ‘हेलिकॉप्टर येईलच की’ या भरवशावरही राहू नये. तापलेली हवा विरळ होते आणि हेलिकॉप्टरला पुरेशी उचल मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये ५३ अंशांच्या उन्हात अडकलेल्या मोटारसायकलस्वारांपर्यंत ते याच कारणाने पोहोचू शकलं नव्हतं. त्यांतला एक जण दगावला.

नकाशा म्हणतो रस्ता आहे, पण...

डेथ व्हॅलीच्या रेंजर्सनी एक शब्दप्रयोग रूढ केला आहे : ‘डेथ बाय जीपीएस’. फोन जवळचा रस्ता दाखवतो, तो प्रत्यक्षात खाणकामाच्या काळातला, वर्षानुवर्षं न वापरलेला दगडगोट्यांचा माग असतो. पुढे टायर फाटतो, फोनला रेंज नसते आणि आसपास चिटपाखरू नसतं.

हा धोका जीपीएसच्याही आधीपासूनचा आहे. जुलै १९९६ मध्ये दोन प्रौढ आणि दोन मुलं असे चार जर्मन पर्यटक भाड्याची व्हॅन घेऊन इथे आले आणि नाहीसे झाले. ऑक्टोबरमध्ये अॅन्व्हिल कॅन्यनमध्ये त्यांची व्हॅन सापडली, टायर फाटलेली. माणसं नव्हती. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही. तब्बल १३ वर्षांनी, २००९ मध्ये, गाडीपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला मानवी अवशेष मिळाले. दक्षिणेला लष्करी तळाची हद्द आहे आणि तिथे पहारा असेल या आशेने ते चालत निघाले असावेत, असा शोध घेणाऱ्यांचा तर्क आहे.

म्हणूनच गाडी बंद पडली तर ती सोडून जाऊ नका, हा इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम. वरून माणूस दिसणं कठीण, गाडी दिसते. भाड्याच्या गाडीचा करारही वाचावा. कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीची जबाबदारी बऱ्याचदा कंपनी घेत नाही. आपोआप सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेसट्रॅक प्लायाला जाणारा रस्ता असाच ४३ किलोमीटरचा आणि टायर खाणारा आहे. साध्या सेडानने तिथे जाऊच नये. (ते दगड रात्री गोठलेल्या पाण्याचे पातळ बर्फाचे पापुद्रे वाऱ्याने ढकलले गेल्यामुळे सरकतात, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं. भुताटकीच्या रील्स मात्र अजून थांबलेल्या नाहीत.)

वाळवंटात पुराची भीती कशाला, असं वाटेल. पण कडक जमिनीत पाणी मुरत नाही. २० ऑगस्ट २०२३ ला ‘हिलरी’ वादळाने डेथ व्हॅलीत एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पाडला, म्हणजे जवळपास वर्षभराचा. रस्ते वाहून गेले आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. झायनमध्ये तर डोक्यावर ढग नसतानाही, दूर पडलेल्या पावसाचं पाणी अरुंद घळीत लोंढ्याने घुसतं. २०१५ मध्ये तिथल्या कीहोल कॅन्यनमध्ये अशा पुरात सात जणांचा जीव गेला.

आता परवानग्या. झायनच्या मुख्य दरीत वर्षाचा बराच काळ खासगी गाड्यांना बंदी असते, शटल बसनेच जावं लागतं. तिथल्या एंजल्स लँडिंगच्या चढाईसाठी एप्रिल २०२२ पासून लॉटरीने परवाना मिळतो. आदल्या दिवशीची लॉटरीही असते, त्यामुळे उशिरा जागं झालेल्यांनी अगदीच आशा सोडू नये. खर्चाचं गणितही बदललं आहे. १ जानेवारी २०२६ पासून झायन, ब्राइस कॅन्यन, ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत अमेरिकेबाहेरून आलेल्या पर्यटकांना माणशी १०० डॉलर जादा शुल्क आहे. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. भारतातून आई-वडील आले असतील तर पास परवडतो. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या ११ मध्ये नाहीत.

आयत्या वेळच्या बेताला हीच दोन उद्यानं त्यातल्या त्यात सोयीची, तीही नोव्हेंबर ते मार्चमध्ये. दोन्ही दिवसरात्र खुली असतात. जोशुआ ट्रीच्या आत पेट्रोल पंप नाही आणि बहुतेक भागात पाणीही नाही, ते बाहेरच्या गावातच भरून घ्यावं. डेथ व्हॅलीत पेट्रोल मिळतं, पण महाग. ऑफलाइन नकाशा हॉटेलच्या वायफायवरच उतरवून घ्यावा, कागदी नकाशा व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतो. आणि अमावस्येच्या आसपासची तारीख साधली तर बॅडवॉटरच्या मिठागरावर दिवे विझवून उभं राहावं. आकाशगंगा तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसते.