गाणे उरले, गायक हरवला

आपल्याकडील संतकवी आणि शाहीर रचनेच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफीत. त्यामुळे गीत कोणाच्याही कंठी गेले तरी कर्ता त्याच्यासवे प्रवास करी. पाश्चात्त्य लोकगीतांत अशी नाममुद्रेची प्रथा रुजली नाही. तेथे गीत मुखोमुखी फिरते आणि कर्त्याचे नाव पुष्कळदा वाटेतच गळून पडते. ध्वनिमुद्रणाच्या युगातही हे घडू शकते, याची साक्ष जॅक्सन सी. फ्रँक या अमेरिकन गायक-कवीच्या चरित्रात मिळते.

१९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात आणि अमेरिकेच्या इतर शहरांतही कॉफीगृहांतील गायनाला बहर आला होता. ही कॉफीगृहे बहुधा लहान असत आणि पुष्कळांपाशी मद्यविक्रीचा परवाना नसे. वाद्यवृंद मालकास परवडत नसे; गिटार घेऊन एकटाच गाणारा तरुण मात्र परवडे. कित्येक ठिकाणी श्रोत्यांतून टोपली फिरवीत आणि तीत जे पडेल तीच गायकाची बिदागी ठरे. एकाचे गीत दुसरा तेथेच ऐकून उचली. याच व्यवस्थेतून बॉब डिलनसारखे गायक पुढे आले आणि याच व्यवस्थेत कितीएक विस्मृतीत गेले.

फ्रँकचा जन्म १९४३ चा. ३१ मार्च १९५४ रोजी बफलो शहरालगतच्या चिक्टोवागा येथील त्याच्या शाळेत भीषण आग लागली. मुले त्या वेळी संगीताच्या वर्गात होती. १५ मुले दगावली. अकरा वर्षांचा फ्रँक वाचला, परंतु त्याच्या शरीराचा मोठा भाग होरपळला. रुग्णालयातील प्रदीर्घ वास्तव्यात एका शिक्षकाने त्याच्या हाती गिटार दिली. ज्या वर्गात सर्वस्व जळाले, त्याच विषयाने त्याला आधार दिला. पुढे तो बफलोच्या कॉफीगृहांत गाऊ लागला. एकविसाव्या वर्षी त्याला नुकसानभरपाईपोटी एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आणि १९६५ मध्ये तो जहाजाने इंग्लंडला निघाला.

लंडनच्या सोहो भागात, ग्रीक स्ट्रीटवरील एका तळघरात, ‘ले कुझँ’ हे लोकगीतगायकांचे स्थान त्याच वर्षी सुरू झाले होते. तेथील मंडळींत फ्रँक लवकरच मान्यता पावला. सँडी डेनी ही तरुणी त्या वेळी परिचारिकेचे शिक्षण घेत होती. ते सोडून पूर्णवेळ गाण्याचे उत्तेजन तिला फ्रँकनेच दिले. पॉल सायमन तेव्हा लंडनमध्येच होता. त्याने फ्रँकच्या दहा गीतांची ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिचे मुद्रण तीन तासांच्या आत उरकले. फ्रँक इतका संकोची की, कोणी पाहू नये म्हणून पडद्याआड बसून तो गायला. या मुद्रिकेतील ‘ब्ल्यूज रन द गेम’ हे गीत पुढे बर्ट जॅन्श, निक ड्रेक आदी अनेकांनी गाइले. सायमन आणि गारफंकल यांनीही ते १९६५ मध्येच मुद्रित केले होते. पण त्यांचे मुद्रण १९९७ पर्यंत प्रकाशातच आले नाही.

गीत असे पसरत असता कर्ता मात्र मागे पडला. भरपाईची रक्कम संपली. बालपणीच्या आगीने मनावर केलेला आघात पुन्हा उफाळला. दुसरी मुद्रिका निघाली नाही. अमेरिकेत परतल्यावर त्याने संसार मांडला. परंतु मुलगा आजाराने दगावला आणि विवाहही टिकला नाही. १९८४ मध्ये सायमनचा शोध घेण्यासाठी तो न्यूयॉर्कला गेला. ती भेट झाली नाही. पुढची कित्येक वर्षे पदपथावर आणि मनोरुग्णालयांत गेली. एका छर्ऱ्याच्या बंदुकीच्या माऱ्यात त्याचा डावा डोळाही गेला.

१९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत जिम ॲबट या चाहत्याने त्याला शोधून काढले आणि वुडस्टॉकच्या परिसरात त्याच्या निवाऱ्याची सोय केली. १९९६ मध्ये ती जुनी मुद्रिका नव्याने निघाली. ३ मार्च १९९९ रोजी, छपन्नावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फ्रँक निवर्तला. २०१५ मध्ये त्याची समग्र मुद्रणे प्रसिद्ध झाली आणि २०१९ च्या ‘जोकर’ या चित्रपटातून त्याचा आवाज अशा पिढीच्या कानी पडला, जिने सोहोचे ते तळघर पाहिलेही नव्हते.

हा शोध उशिराचा खरा. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रसिकांनी फ्रँकचे गीत कधीच टाकले नव्हते. ते तीस वर्षे गाइले जात होते. त्या काळात हरवला होता तो केवळ माणूस. गीत जपण्यास उत्तम कान पुरतो. गायक जपण्यास मात्र कोणीतरी उठून त्याचा पत्ता विचारावा लागतो, आणि फ्रँकच्या बाबतीत तो विचारणारा भेटेपर्यंत आयुष्याची थोडीच वर्षे उरली होती.