शून्यता आणि तुरुंगातला माणूस

सगळं शून्य आहे म्हणता, मग चांगलं-वाईट तरी कशाला पाळायचं? हा आक्षेप आजचा नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या नागार्जुनाने तो ‘मूलमध्यमककारिके’च्या २४व्या प्रकरणात स्वतःच मांडलाय. सगळंच शून्य असेल तर बुद्धाची चार आर्यसत्यंही बुडाली की!

त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. शून्य म्हणजे ‘स्वभाव’ नसलेलं. कुठलीच गोष्ट आपल्या एकटीच्या बळावर, कायम त्याच रूपात नसते. भाकरीला ज्वारी लागते, पाणी लागतं, विस्तव आणि थापणारे हात लागतात. हे सगळं वजा केलं तर वेगळं ‘भाकरीपण’ उरत नाही. म्हणून भाकरी खोटी ठरते का? पोट तर भरतंच. दुःखाचंही तसंच. ते कारणांमुळे येतं म्हणूनच संपवता येतं. त्याला पक्का स्वभाव असता तर बुद्धाचा मार्गच फुकट गेला असता.

आता त्याच्याच नावावरची ‘रत्नावली’ बघा. हा एका राजाला केलेला उपदेश आहे. परंपरा म्हणते तो राजा सातवाहन, म्हणजे आपल्या पैठणच्या घराण्यातला. त्यात कैद्यांबद्दल काय सांगितलंय? सुटका होईपर्यंत त्यांना अन्न, पाणी, कपडे, औषध, अंघोळ आणि न्हावी मिळाला पाहिजे. दुबळ्यांना थोड्याच दिवसांत सोडावं. खुन्यालाही मारू नये, छळू नये, हद्दपार करावं. शिक्षा करायची ती बाप वाया गेलेल्या पोराला सुधारायला करतो तशी.

माणूस बदलू शकतो, हे मानल्याशिवाय असं कोण लिहील?

याच्या अगदी उलट विचार इंग्रजांनी १८७१ साली कायद्यात आणला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपल्या सोलापुरात माणसं तारेच्या कुंपणात कोंडली गेली. १९५२ साली कायदा गेला, पण विमुक्तांच्या पालावर चोरीचा पहिला संशय अजूनही जातोच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘त्यांची जातच तसली’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: शाळा, जमीन, रेशनकार्ड, काम यातलं काय काय त्यांना मिळालं होतं?